शेऱ्याचा रकाना

माहितीची सुरक्षा ही राष्ट्राच्या संरक्षणाइतकीच पवित्र जबाबदारी असून ती पेलायला पोलादी मनाची माणसं लागतात. हे वाक्य श्रीपती आठल्यांचं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी ते एका परिपत्रकाच्या डोक्यावर टाइप केलं. दुपारी एकच्या सुमाराला, डबा उघडता उघडता, आपलं स्वतःचं मन पोलादाचं नसून साधारण मऊ घावनाच्या जातीचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

आठल्ये म्हणजे 'सागरतीर विद्या मंडळ' या रत्नागिरीतल्या संस्थेचे कार्यालय अधीक्षक. संस्थेचं एक हायस्कूल, एक कॉलेज, आणि अध्यक्ष आणि खुद्द आठल्ये सोडून चौसष्ट माणसं. मार्चअखेर आठल्ये निवृत्त व्हायचे होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकाला लाल शाईचा ठिपका लागलेला नव्हता, आणि निरोप समारंभात या ठिपक्याच्या अभावावर कोण काय बोलेल याची त्यांनी मनातल्या मनात रंगीत तालीमही केलेली होती.

संस्थेच्या स्टोअर रूममध्ये, मोडक्या बाकांच्या आणि स्नेहसंमेलनातल्या पत्र्याच्या तलवारींच्या मागे, एक काळं खोकं अकरा वर्षं गुरगुरत होतं. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणत. म्हणजे कॉम्प्युटरमधलं हजेरीबुक आणि दरवान एकाच अंगात. कोण कोण आहे, कुणाचा हुद्दा काय, कुणाचा पासवर्ड कोणता आणि कुणाला कुठपर्यंत आत सोडायचं, हे सगळं त्याला पाठ. रजेचा अर्ज असो की निकालपत्रक, कुठलाही प्रोग्राम उघडला की तो आधी या खोक्याला विचारणार, "हा कोण? सोडू का?" आणि खोकं सांगणार, "सोड."

तर त्या मंगळवारी वरच्या कार्यालयातून पत्र आलं की या जातीच्या सर्व्हरमध्ये एक गंभीर भोक सापडलेलं आहे. नाव टाकायचं, पासवर्डची चौकट रिकामी ठेवायची आणि एंटर दाबायचं. दरवान गोंधळतो आणि ज्याचं नाव टाकलं तोच आला असं समजून सलाम ठोकतो. धोक्याची पातळी दहापैकी नऊ पूर्णांक आठ. आठल्यांना जन्मात कशातच दहापैकी नऊ पूर्णांक आठ मिळाले नव्हते, त्यामुळे क्षणभर त्यांना अभिमानच वाटला. भोक बुजवा, पुढच्या बुधवारी तपासनीस येतील, असं पत्राच्या शेवटी होतं.

एखादा सामान्य माणूस गप्प बसून भोक बुजवायला लागला असता. आठल्ये सामान्य नव्हते, अधीक्षक होते. त्यांनी परिपत्रक काढलं. राष्ट्र, पोलाद वगैरे झाल्यावर दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं : "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, संगणकावर कोणाही व्यक्तीचे नाव लिहून पासवर्डचा रकाना कोरा ठेवल्यास व एंटर ही कळ दाबल्यास सदर व्यक्तीच्या नावे आत प्रवेश मिळतो. तरी कोणीही तसे करू नये. वाचून सही करावी." जावक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि शिपाई केरूच्या हातात दिलं.

एरवी परिपत्रक चौसष्ट सह्या गोळा करून परत यायला चार दिवस लागत. हे दीड तासात आलं. सगळ्यांनी ते वाचलं, हे विशेष. काहींनी दोनदा वाचलं. भूगोलाच्या स्वरूप सरांनी तर मोबाईलवर फोटो काढून घेतला. संस्थेत सुरक्षेची एवढी जाणीव आहे हे पाहून आठल्यांचा ऊर भरून आला.

भरून आलेला ऊर घेऊन ते डब्याला बसले आणि पहिला घास घेताना त्यांची नजर समोरच्या पडद्यावर गेली. तिथे डिरेक्टरीत त्यांचंच पान उघडं होतं. नाव, हुद्दा, फोन आणि शेवटी 'शेरा'. घास तसाच राहिला.

या शेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी सर्व्हर बसवला तेव्हा मिरजोळ्याच्या एका एजन्सीने प्रत्येकाच्या पानावर शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना दिला होता. "यात काही भरलं नाही तरी चालतं," असं एजन्सीवाला म्हणाला. आठल्यांच्या खुर्चीत रकाना रिकामा ठेवणं हा गुन्हा होता. त्यांनी तो भरणं सक्तीचं करून घेतलं. एवढंच नाही, तर उद्या कुणी नुसतं 'ठीक' लिहून सुटू नये म्हणून किमान पंधरा अक्षरांची अटही घालून घेतली. मग रोज दुपारी चहानंतर एकेका माणसाचा शेरा ते भरू लागले. पहिले दोन-तीन सरकारी झाले. चौथ्याला हात मोकळा सुटला. आठल्यांचं मराठी टायपिंग टाइपरायटरवरचं, मिनिटाला चाळीस शब्द, डोळे मिटून. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्याच कळांचा एक जुना फॉन्ट सीडीवरून आपल्या मशीनवर चढवून घेतला, आणि पुढे नवी पद्धत आली तेव्हा "ती पोरांसाठी," म्हणून नाकारली. अशी हातात कळा आणि मनात खरं असलेला माणूस काय लिहील?

अध्यक्ष हरिश्चंद्र पाटणकर, आंब्याचे मोठे बागायतदार : "'दोन शब्द बोलतो' म्हणाले की जेवण चाळीस मिनिटे पुढे ढकलावे." ग्रंथपाल दीपाली मॅडम : "पुस्तक मागितल्यास दुखावतात." स्वरूप सर : "सहल नेताना वाट चुकलेले एकमेव भूगोल शिक्षक." कॉम्प्युटरच्या नम्रता मॅडम : "हुशार. हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नाही." केरू : "सांगितलेले काम करत नाही, न सांगितलेले उत्तम करतो. सोडू नये." दरवर्षी जूनमध्ये आठल्ये हे शेरे सुधारत, धार लावत. साहित्यात त्यांनी केलेली ही एकमेव सेवा, आणि ती कुणी वाचणार नाही या भरवशावर केलेली. आत जाण्याची परवानगी फक्त अधीक्षकाला होती.

आणि अधीक्षकाच्या नावाने आत कसं जायचं हे त्यांनी सकाळीच चौसष्ट जणांना, शिक्का मारून, कळवलं होतं.

हात न धुताच ते नम्रता मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम आहे, सर. नवी आवृत्ती टाकायची. पण लेखी आदेश लागेल."

"तोंडी सांगतोय ना मी."

"तोंडी सांगूनच मी गेल्या वर्षी प्रिंटर दुरुस्त केला होता." मॅडमनी ड्रॉवरमधून एक कागद काढून अलगद समोर ठेवला. "त्यावर तुम्ही मला मेमो दिलात. 'परवानगीशिवाय तांत्रिक वस्तूस हात लावणे.' जपून ठेवलाय मी."

मेमोची भाषा उत्तम होती, हे आठल्यांना अशा अवस्थेतही मान्य करावं लागलं.

लेखी आदेश अध्यक्षांनी द्यायचा. अध्यक्ष पालीच्या बाजूला बागेत फवारणीवर होते. फोनवर पंप घरघरत होता आणि त्यावर अध्यक्ष ओरडत होते. "सर्व्हर ना? विकत घेतला तेव्हा ठराव केला होता काय?"

"केला होता, साहेब."

"मग त्याला हात लावायचा तर ठरावच हवा! कार्यकारिणीत घ्या. विषय क्रमांक सात."

"कार्यकारिणी पुढच्या गुरुवारी आहे, आणि तपासणी बुधवारी."

"मग तपासणीत काय सापडतं ते बघूनच ठराव करू. तेच बरं!" अध्यक्ष म्हणाले आणि पंप जिंकला.

संध्याकाळी मांडवीला घरी आल्यावर आठल्यांनी चप्पल काढायच्या आधीच लीलाताईंना सगळं सांगितलं. लीलाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण असं लिहायचंच कशाला माणसांबद्दल?"

"रकाना होता."

"आमच्या घरच्या गॅसच्या पुस्तकातही शेऱ्याचा रकाना आहे. तिथे काही लिहिलंत का?"

आठल्ये चप्पल काढू लागले. तिथेही लिहिलेलं होतं.

शेजारचे बाबूकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेतून जाणारी कुठलीही गोष्ट आपल्या अखत्यारीत येते असं त्यांचं मत. दगडी गडग्यापलीकडून त्यांनी अर्धंच ऐकलं, पण सल्ला पूर्ण दिला. "मेल्या श्रीपती, एवढं रडतोस काय? वायर काढ. वायर काढली की भोक असलं काय नि नसलं काय! आम्ही खात्यात अख्खा तालुका असा बंद ठेवलेला आहे."

"मुद्दाम?"

"ते आता कशाला विचारतोस?"

बुधवारी सकाळी आठल्ये कुणी नाही असं बघून स्टोअर रूममध्ये शिरले. मोडक्या बाकांवरून चढताना पँट खिळ्याला लागून गुडघ्यापाशी फाटली. खोक्यामागे सात वायरी होत्या, सगळ्या करड्या. त्यांनी मनोमन देवाचं नाव घेतलं आणि सर्वांत जाड ती ओढली. खोकं गुरगुरतच राहिलं. जरा वेळ वाट पाहून, कदाचित हळूहळू मरत असेल अशा समजुतीने ते बाहेर आले.

ती वायर शाळेच्या घंटेची होती. तास संपल्याची घंटा झालीच नाही. नववी ब वर स्वरूप सरांचा भूगोल चालू होता, तो एक तास पन्नास मिनिटं चालला. सर ब्रह्मपुत्रेच्या उगमापासून निघाले, समुद्राला मिळाले, घंटा होईना म्हणून उलट उगमाकडे चालू लागले. शेवटी एक मुलगी रडायला लागली तेव्हा केरूने जाऊन वायर परत लावली. कुणी न सांगता. आठल्यांना वाटलं, शेरा किती नेमका होता!

मग एकच मार्ग उरला. शेरेच पुसायचे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि अध्यक्षांचं पान उघडून शेरा पुसला. पडद्यावर पाटी आली : 'हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.' त्यांनी एक आडवी रेघ टाकली. पाटी आली : 'किमान पंधरा अक्षरे आवश्यक.' आपणच घातलेल्या अटीने आपल्याला असं उलटून बोलावं, याचा त्यांना मनस्वी अपमान वाटला. पण इलाज नव्हता. त्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे 'वर्तणूक समाधानकारक' टाइप करायला घेतलं. मात्र अध्यक्षांचं वाक्य मोडताना हात अडला. सहा जून महिने लागले होते त्याला. ते मागाहून बघू म्हणून त्यांनी जसं होतं तसं ठेवलं आणि खालून, शिपायांच्या बाजूने सुरुवात केली. केरूचं वगळलं. तेही फार चांगलं होतं.

अकरा माणसं समाधानकारक झाली असतील नसतील, तोच पडदा करडा झाला. 'श्रीपती आठल्ये यांनी दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश केला असल्याने आपले काम थांबविण्यात येत आहे.'

श्रीपती आठल्ये खुर्चीत होते. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी स्वतःच्या फाटलेल्या गुडघ्याला हात लावून पाहिला. म्हणजे इमारतीत दुसरे एक श्रीपती आठल्ये फिरत होते. ते पुन्हा आत गेले, दुसऱ्याने पुन्हा बाहेर काढलं. चौथ्या खेपेला त्यांनी नाद सोडला. स्वतःच्याच नावाच्या माणसाशी किती भांडणार?

पुढचे दिवस भयंकर गेले, कारण सगळे त्यांच्याशी चांगलं वागू लागले. दीपाली मॅडम न मागता दोन जाडजूड पुस्तकं टेबलावर ठेवून गेल्या. "राहू देत हो सर, कधीही परत करा." म्हणजे वाचलं हिने! स्वरूप सर जिन्यात हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस वाट दाखवायला हवा." वाट! सहलीचाच टोमणा हा. शनिवारी अध्यक्ष आले, शिक्षकांपुढे "दोन शब्द बोलतो" म्हणाले आणि खरोखर दोन मिनिटांत खाली बसले. म्हणजे यांनीही वाचलं! घरी जाऊन ते लीलाताईंना म्हणाले, "निरोप समारंभाला मी येणार नाही. तब्येत बरी नाही असं कळवू."

"महिना आहे अजून."

"महिनाभर बरी नाही असं कळवू."

सोमवारी उलगडा झाला, निदान अर्धा. रजेच्या प्रोग्राममध्ये त्यांना दिसलं की शिमग्याच्या पालखीच्या दिवसांत अठ्ठावन्न कर्मचाऱ्यांच्या रजा मंजूर आहेत. मंजुरी देणारे : श्रीपती आठल्ये. दरवर्षी शिमग्याला ते सहा जणांना रजा देत, तीही तोंड वाकडं करून. त्यांनी केरूला बोलावलं. केरू पालीजवळच्या गावचा, पालखी खांद्यावर घेणाऱ्यांपैकी.

"केरू, माझ्या नावाने आत कोण गेलं होतं?"

"मी गेलो व्हतो ना," केरू मोकळेपणाने म्हणाला. "पहिल्यांदा मीच. तुमीच कागदावर लिवलं व्हतं कसं जायाचं ते. मग बाकीचे आले. रांग लागली व्हती, साहेब."

"त्यात 'कोणीही तसे करू नये' असंही होतं."

"त्ये खाली व्हतं."

"आत गेल्यावर काय काय बघितलंस?"

"सगळं."

"नावापुढचं शेवटचंही?"

"व्हय तर."

"मग?"

केरूने छताकडे बघितलं. "साहेबाचं साहेबाला म्हाईत. आपन कशाला बोला?" आणि कप उचलून निघून गेला.

आता तक्रार करावी तर चौकशी होणार, चौकशीत आत काय दिसलं ते निघणार. आठल्यांनी अठ्ठावन्न रजा तशाच राहू दिल्या. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच शिमग्याला जवळजवळ सगळे गावी जाणार होते आणि त्याचं पुण्य बिचाऱ्या आठल्यांच्या नावावर विनाकारण जमा होत होतं.

बुधवारी तपासनीस आले. सलिल नावाचा तिशीतला, गंभीर चेहऱ्याचा माणूस. त्याने मागणी केली ती नेमकी नको ती. "सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवा. भोक म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवतो." प्रोजेक्टर लागला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, मागे तीन रांगा माणसं. आठल्ये दाराजवळ उभे राहिले, पळायला सोपं म्हणून.

सलिलने आठल्यांचं नाव टाकलं, चौकट कोरी ठेवली, एंटर दाबलं. सगळ्यांनी "अरे बापरे!" असा आवाज काढला. त्यातल्या निदान अठ्ठावन्न जणांनी तो फार छान काढला. मग भिंतभर यादी उघडली. नाव, हुद्दा, फोन, शेरा. पहिलंच नाव अध्यक्षांचं. आठल्यांनी डोळे मिटले. कोण आधी ओरडतं याची वाट पाहत राहिले. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं.

"हे कुणी केलं?" सलिलचा आवाज आला.

"मी," आठल्ये डोळे मिटूनच म्हणाले. चौतीस वर्षांची नोकरी त्या एका अक्षरात संपली.

"उत्तम!"

त्यांनी एक डोळा उघडला. भिंतीवर अध्यक्षांच्या नावापुढे एक उलटं प्रश्नचिन्ह होतं, मग डोक्यावर दोन टिंबं असलेलं एक इंग्रजी अक्षर, मग कुठल्यातरी देशाच्या पैशाची खूण, मग आडव्यातिडव्या रेघा. दीपाली मॅडमपुढे तसंच. स्वरूप सरांपुढे तसंच. भिंतभर मुंग्यांनी शिमगा खेळावा तसं.

"इतकी वर्षं मी संस्था तपासतोय," सलिल सांगत होता, "पण वैयक्तिक माहितीचा रकाना कूटलिपीत ठेवलेला प्रथमच पाहिला. दरवाजा उघडा असूनही चोराच्या हाती काही लागणार नाही. फक्त खालच्या अकरा जणांपुढे सारखीच अक्षरं दिसताहेत. ती मात्र कमकुवत बाजू. तेवढं बदला."

टाळ्या वाजल्या. अध्यक्ष उठले, "दोन शब्द बोलतो," म्हणाले आणि चाळीस मिनिटं बोलले. शनिवारी घसा बसला होता, असंही त्यात सांगितलं. बाहेर पडताना केरू आठल्यांच्या कानाशी लागला. "मी तवाच वळखलं. मंत्र हाये म्हनून. कुनाला बोललो न्हाय."

आठल्ये जवळजवळ धावतच ग्रंथालयात गेले आणि तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं पान उघडलं. मुंग्या. स्टाफरूममध्ये मुंग्या. कार्यालयात स्वतःच्या टेबलावर उघडलं, आणि तिथे, फक्त त्याच मशीनवर चढवलेल्या त्या जुन्या फॉन्टात, सगळं स्वच्छ, सुवाच्य, धारदार. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि पहिल्यांदाच आठ दिवसांत पोटभर श्वास घेतला. लीलाताईंना फोन करून म्हणाले, "समारंभाला कोणती साडी नेसायची ते बघून ठेव."

रात्री जेवताना मात्र ते नुसताच भात चिवडत बसले. "आता काय झालं?" लीलाताईंनी विचारलं.

"काही नाही," आठल्ये म्हणाले. "अकरा वर्षं लिहिलं गो. एकालाही एक अक्षर वाचता आलं नाही."

गुरुवारी विषय क्रमांक सात मंजूर झाला. नम्रता मॅडमनी लेखी आदेशाची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि भोक बुजवलं. चार मिनिटं लागली. तपासणीच्या अहवालात संस्थेला 'समाधानकारक' शेरा मिळाला. तो अहवाल आठल्यांच्या सेवापुस्तकाला जोडण्यात आला. निरोप समारंभात चौसष्टपैकी अठ्ठावन्न जण मनापासून रडले.

एक एप्रिलला त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. तो फॉन्ट दुसऱ्या कुठल्याच मशीनवर नव्हता.